गुरुजींची थंडी

दिवाळीचे आकाशकंदील उतरायच्या आत लातुरात एक जमात कामाला लागते. हिला स्वतःसाठी स्वेटर काढायची घाई नसते. कोंबड्या उघड्यावर आहेत, ही चिंता मोठी असते. आमच्या गल्लीत या जमातीचे पुढारी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. घरामागं परस, परसात लिंबाचं झाड, झाडाखाली खुराडं आणि खुराड्यात पाच-सहा गावरान कोंबड्या व एक कोंबडा. शाळा सुटली, पण हजेरी घ्यायची सवय सुटली नाही.

कोंबडीच्या अंगाचं तापमान एरवीच 41 अंशांच्या आसपास असतं. माणसाला एवढा ताप चढला तर त्याला सलाईन लावून निजवतील. वर पिसांची रजई जन्मतःच मिळालेली. गारठा पडला की ती पिसं फुगवते, मधली हवा उबदार होते, काम भागतं. गुरुजींना हे ठाऊक आहे. विज्ञान त्यांनीच शिकवलंय. पण ठाऊक असणं वेगळं आणि पटणं वेगळं, हे गुरुजींनी आयुष्यभर पाळलं.

मग आडतीवरून तुरीचा बारदाना येतो. चारही बाजूंनी पोती शिवली जातात. तरी फटीतून वारं शिरतंय असा संशय, म्हणून वरून भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. छपाईची बाजू आत. त्यामुळं रात्रभर कोंबड्यांपुढं एक नेता हात जोडून उभा असतो.

तीन-चार दिवसांत कोंबडा शिंकायला लागतो. ओली विष्ठा, कोंडलेली हवा, त्यातून सुटणारा अमोनिया. माणूस आत डोकावला तर त्याच्याही डोळ्यांत पाणी येईल. गुरुजींच्याही येतं, पण ते त्याला माया समजतात. "बाधली थंडी!" असं म्हणून ते आणखी एक पोतं चढवतात. कोंबडा आणखी शिंकतो. गुरुजी आणखी पोतं शोधतात. दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर दरवर्षी तेच सांगतात: खालून वारं अडवा, वर हाताएवढी जागा उघडी ठेवा, खाली सोयाबीनचं कोरडं भुसकट टाका, ओल दिसली की चुना भुरभुरा, मानमोडीची लस चुकवू नका. गुरुजी सगळं वहीत उतरवून घेतात. लस तेवढी वेळेवर होते. बाकीचं वहीत.

अंडी आटतात, त्याचाही ठपका थंडीवर. खरं तर दोष दिवसाचा. चौदा-सोळा तास उजेड मिळाला तर कोंबडी नेटानं घालते. डिसेंबरात लातूरला तो अकरा तासच, आणि त्यातलाही बराचसा त्या फ्लेक्सनं खाल्लेला. बल्ब लावला तर तो नेमका भारनियमनाच्या वेळेत.

जानेवारी 2025 मध्ये उदगीरला बर्ड फ्लूनं कावळे मेले. तेव्हापासून गुरुजी कावळ्याकडं सरळ नजरेनं बघत नाहीत. पितृपक्षात वडिलांच्या नावानं हाक मारून घास ठेवतात, पण पाठीमागच्या हातात काठी असते.

त्यांचे साडू नांदेडला. त्यांच्याकडंही कोंबड्या. रोज सकाळी पारा सांगायला फोन.

"साडूभाऊ, आमच्याकडं दहा!"

"आमच्याकडं नऊ. काय सांगालाव?"

वास्तविक लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेड खाली गोदेकाठी. तेव्हा थंडीवर पहिला हक्क आपलाच, असं गुरुजींचं भूगोलाच्या आधारे ठाम मत आहे. नांदेडचा पारा खाली गेला की त्यांना अपमान वाटतो. साडूंचा हुकमाचा पत्ता म्हणजे माळेगावची यात्रा. तिथं खंडोबाच्या पायाशी जनावरांबरोबर कोंबड्यांचंही प्रदर्शन भरतं. "आमचा कोंबडा तिथल्या थंडीत उभा राहतोय," असं ते म्हणाले की गुरुजी फोन काकूंकडं देतात.

मागच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, साडू सहकुटुंब आले. येळवशीला लातुरात घरी थांबतो कोण? सगळे शेतावर. कडब्याची खोप, आंबील, भज्जी, खिचडी. निघता निघता काकूंनी खुराड्याचं दार मुकाट उघडं ठेवलं.

सांजेला परतलो तर खुराडं रिकामं. गुरुजींनी हाय खाल्ली. साडूंनी बॅटरी वर मारली: सगळ्या लिंबाच्या फांदीवर ओळीनं, पिसं फुगवून, झोपलेल्या. गावरान कोंबडीची ती जुनी खोड. झाड दिसलं की चढणारच. कोंबडा शिंकत नव्हता.

"वर हवा लई खेळती हाय," साडू म्हणाले.

गुरुजींनी ऐकलं नाही. ते खुराड्यावरचा फ्लेक्स सोडवत होते.

"साडूभाऊ, शिडी धरा. फांदीला गुंडाळू."

काकू दारातून म्हणाल्या, "गुंडाळा. अन् माप बी घ्या झाडाचं. उद्या सेटर इणायला बसते मी."