बोअर मारा लागते!

आमची जीप महिंद्राची, सीजे-थ्री-बी. बॉनेट इतकं उंच की बुटक्या माणसानं समोरचा रस्ता अंदाजानंच घ्यावा. दोष बॉनेटचा नाही. आतल्या चार सिलिंडरच्या, २.२ लिटरच्या हरिकेन इंजिनात पेट्रोल आत घेणारे वॉल्व वर हेडमध्ये आणि जळका धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये आहेत. इंजिनाची उंची वाढली, मग झाकणही वर न्यावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली संपलं. महिंद्रा त्यानंतरही बनवत राहिले. आमची गाडी आजोबांच्या काळापासून वरुडच्या संत्राबागांत कॅरेट वाहते. अलीकडे मात्र ती माल कमी आणि निळा धूर जास्त काढू लागली.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, यावर गावाचं एकमत. पुढं फाटे. ‘काहून पेट्रोल जाळता भाऊ? डिझेल टाका!’ हा सल्ला देणाऱ्याला गाडीचा आजार सांगावाही लागत नाही. खेडोपाडी कित्येक पेट्रोल जीपांच्या पोटात अशी डिझेल इंजिनं गेली आहेत. जीव बदलला, नंबर प्लेट तीच. मला जीव तोच हवा होता, म्हणून मी मिस्त्री शोधायला निघालो.

पहिल्यानं गाडी आवारात शिरताना नुसता आवाज ऐकला आणि पान थुंकून निकाल दिला, ‘बोअर मारा लागते.’ अहो, निदान इंजिन बंद तर होऊ द्या! दुसरा म्हणाला, ‘ग्यारंटी माही.’ कशाची, ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिसऱ्याकडे जमिनीवर तीन इंजिनं खोललेली होती आणि त्या तिघांचेही नटबोल्ट एकाच तेलाच्या डब्यात एकत्र नांदत होते. मी चहा घेतला आणि निघालो.

संत्र्याचा व्यापारी धुऱ्यावर उभा राहूनच बगीच्याचा भाव बोलतो, पण तोसुद्धा निदान झाडाकडे बघतो.

बोअर मारणं ही काही केस कापण्याइतकी सोपी गोष्ट नाही की चुकलं तर महिन्यानं वाढेल. सिलिंडर घासून मोठा केला की त्या मापाचं ओव्हरसाइज पिस्टन हवं. मिस्त्रीच्या भाषेत ‘वीसचं’ पिस्टन म्हणजे एक इंचाचे वीस हजारांश, जेमतेम अर्धा मिलिमीटर. या वयाच्या जीपला ते मिळवायचं म्हणजे नागपूरपासून पुढं भटकंती. आणि काढलेलं लोखंड परत येत नाही. शेवटी लायनर ठोकावा लागतो.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. दुकानाला पाटी नव्हती. दारात फवारणीचा पंप आणि एक पिकअप आमच्या आधी नंबर लावून उभी. त्यांनी मत दिलंच नाही. प्रत्येक प्लग काढून प्रेशर मोजलं, मग प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं. दोन सिलिंडरात काटा चढला.

‘वॉल्वची गोठ असती त काटा जागीच रायला असता,’ ते म्हणाले. ‘रिंगा गेल्या. बोअर गेलं का नाई, थे खोलल्याबिगर नाई सांगत.’

खोलताना मात्र मी त्यांचा भक्त झालो. प्रत्येक बेअरिंग कॅपवर पंचनं ठिपके: एकावर एक, दुसऱ्यावर दोन. या कॅपा ब्लॉकला बसवूनच भोक पाडलेलं असतं, त्यामुळे अदलाबदल झाली की क्रँक आडमुठा होतो. सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि आडवा मोजला. वरच्या रिंगेपाशी झीज सर्वांत जास्त असते, पण ती मर्यादेत निघाली. बोअर नको, होनिंग, नव्या रिंगा आणि क्रँक दहावर ग्राइंड. तेवढं अमरावतीला पाठवणार.

‘कवापर्यंत होईन?’

‘संत्र्याचा आंबिया बहार निघू द्या. लोकायच्या गाड्या भरून चालल्या. तुमची त हौस हाय.’

एवढा खरा माणूस मला कोणत्याही व्यवसायात भेटला नव्हता. हौसवाल्याला रांगेत मागं ढकलणाऱ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, असं मी घरी येऊन म्हणालो. बायको म्हणाली, ‘आन पैसे आगाऊ द्या म्हनलं त?’ म्हणाले नव्हते.

आंबिया निघाला, जीपही निघाली. चावी देताना मिस्त्रींनी बजावलं, ‘पयले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्याची नाई. मंग ऑइल बदला.’ मी गंभीरपणे मान हलवली.

मागच्या सीटवरून बायको म्हणाली, ‘चाळीस? थे त आजवर फकत उताराले गेली!’