डावा कोपरा

कबड्डीचा जुना खेळाडू घरी आला की त्याला फक्त बसायला सांगा. चढाईपटू असेल तर खोलीच्या मधोमध, पंख्याखाली बसेल आणि चहा येण्याआधीच दोनदा उठून येईल. कोपरा खेळलेला असेल तर आधी भिंत शोधेल, तिला पाठ लावेल, आणि दारातून कोण आलं, कोण निघालं, एवढंच पाहत राहील.

भाऊ डावा कोपरा. राहायला अमरावतीत, सरकारी नोकरी अकोल्यात, म्हणजे जन्माचं अपडाऊन. बडनेऱ्याहून सुटणाऱ्या गाडीत डब्याच्या टोकाची खिडकी त्यांची. ती कोणी दिली नाही, पण घ्यायची हिंमतही कोणाची झाली नाही. २०२२च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला, गिनीज बुकात नोंद झाली, आणि अपडाऊनवाल्या मंडळींनी हुरळून वर्गणीत गाडी ठरवली. भाऊ खिडकीतून हलले नाहीत. म्हणाले, "जागा सोडली का गडी गेला."

हे वाक्य त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं सार आहे. १३ मीटर बाय १० मीटरचं मैदान, समोरून आलेला एक चढाईपटू, आणि त्याच्याकडे ३० सेकंद. त्यातले पंचवीसेक सेकंद कोपऱ्याने काहीही करायचं नसतं. गडी येतो, मांडीवर थाप मारतो, लाथ दाखवतो, बोनस रेषेपलीकडे अंगठा टेकवून हसतोसुद्धा. कोपऱ्याने ते सगळं सोसायचं. तो परत वळताना एक पाय मागे राहतो, तेवढ्या क्षणात घोटा हातात आला पाहिजे. आला, तर बाकीचे अंगावर उड्या टाकतात, धूळ उडते, आणि लाऊडस्पीकरवाला सगळ्यात वर पडलेल्याचं नाव पुकारतो. निसटला, तर मात्र कोणाच्या हातून निसटला हे पार झाडावर बसलेल्या पोरांनाही दिसतं.

भाऊ घडले अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर. वैद्य बंधूंनी १९१४ साली मंडळ स्थापन केलं, आणि १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे कबड्डी खेळून दाखवली. भाऊंचा जन्म त्यानंतर चाळीसेक वर्षांनी झाला. पण गोष्ट सुरू होते ती "आपण बर्लिनले गेलो होतो तवा" अशी. ऐकणारा नवखा असेल तर तो मनातल्या मनात वयाचा हिशेब करू लागतो, आणि तो संपेपर्यंत भाऊ स्टेडियमच्या बाहेरसुद्धा पडलेले असतात.

त्यांचं खरं साम्राज्य म्हणजे गावोगावचे रात्रीचे खुले सामने. पऱ्हाटी निघालेल्या वावरात किंवा शाळेच्या पटांगणात बल्ब लागायचे, फ्लेक्सवर स्थानिक पुढारी हात जोडून उभे असायचे, आणि सामने वजनगटाचे. भाऊ ५५ किलोत खेळायचे. अडचण एवढीच की भाऊंचं वजन ५५ किलो नव्हतं. आदल्या दिवशी ते भर मे महिन्यात स्वेटर घालून पळत, पाणीसुद्धा घोटभरच घेत. एकदा काट्यावर सूतभर जास्त भरलं. भाऊंनी बनियन काढलं, गळ्यातला ताईत काढला, काटा हलेना. शेवटी आईने बांधलेला करदोटा ब्लेडने कापला तेव्हा पंचांनी मान डोलावली. खाली उतरताच भाऊंनी तीन प्लेट आलुपोंगा हाणला. "काटा झाल्यावर कोन पाह्यते?" त्या रात्री ते ५७ किलोचे होऊन खेळले आणि आईने पुढे महिनाभर अबोला धरला. आता वजन नव्वदीपार आहे, करदोटा मात्र पुन्हा बांधलाय.

पुढे गुडघ्याचं लिगामेंट गेलं. कोपऱ्याच्या गुडघ्यांचं शेवटी तेच होतं. पण तोवर फायलीत प्रमाणपत्रं जमली होती, आणि महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. भाऊ पडताळणीच्या सगळ्या चढायांतून वाचून टेबलाला लागले. टेबल अर्थातच डाव्या कोपऱ्यातलं.

कार्यालयात त्यांचा खेळ पाहावा. अर्जदार येतो, पहिल्या टेबलावर सही, दुसऱ्या टेबलावर शिक्का. भाऊ पेपरातून मान वर करत नाहीत. तिसरी सही होते, माणूस सुटकेचा श्वास टाकतो, कागद पिशवीत घालून दाराकडे वळतो, आणि कोपऱ्यातून हळूच आवाज येतो, "सातबारा कोन्त्या सालचा हाय हो?" माणूस जागच्या जागी बाद. यात भाऊंनी एका पैशाची अपेक्षा कधी धरली नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. चुकीचा कागद ते स्वतः दुरुस्त करून देतात, वरून चहा पाजतात. त्यांना हवी असते ती फक्त पकड.

घरीही तेच. पाहुणा दोन तास बसला तरी भाऊ हूं का चूं करत नाहीत. तो उठला, एक पाय चपलेत गेला, दुसरा अजून बाहेर आहे, की यांचं सुरू होतं, "एक सांगतो, मंग जाजा." शेवटी वहिनीच आतून ओरडतात, "अहो, सोडा आता त्यायले, लोन झाला!"

२०१४ साली प्रो कबड्डी आली आणि भाऊ टीव्हीला खिळले. मॅट, बूट, पडद्यावर घड्याळ. पहिल्यांदा त्यांनी नाक मुरडलं. मग २०२३च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. शादलू डावा कोपरा! भाऊंनी त्या दिवशी अख्ख्या डब्याला पेढे वाटले. कोणीतरी खोचून विचारलं, "भाऊ, तुमाले किती भेटे?" भाऊ म्हणाले, "स्टीलचा डबा. झाकनासकट." त्याच हंगामात पलटण जिंकली, तेव्हा भाऊंनी शादलूच्या पकडींवर शेरा दिला : "चांगला हाय. घाई करते थोडी."

टोरंटोच्या भाच्याने मध्यंतरी त्यांना तिकडच्या फुटबॉलचा व्हिडिओ पाठवला. कॅनडाचा हा फुटबॉल हाताने खेळतात. ११० यार्डांचं मैदान, एका बाजूला बारा गडी, आणि मागच्या फळीतला बचावपटू समोरच्याच्या कमरेवर नजर ठेवून उलटा पळतो. भाच्याचं म्हणणं, मामा, हाच तुमचा कोपरा. भाऊंनी तीनदा पाहिलं. "कोपराच हाय. पन उलटा काहून पळून रायला? येऊ दे ना गड्याले आत." भाच्याने सांगितलं की तिथल्या बहुतेकांची कारकीर्द थोड्याच वर्षांची, दुखापती फार, आणि हंगाम संपला की कित्येक जण दुसरं काम धरतात. भाऊ गंभीर झाले. बराच वेळ फोनकडे पाहून त्यांनी विचारलं, "मंग त्यायले पाच टक्के नाही काय?"

हल्ली रविवारी सकाळी भाऊ पोरांना शिकवतात. सगळ्यांना चढाईच हवी, डावा कोपरा कोणालाच नको. ती जागा अजून रिकामी आहे. घरात एखादं शांत, चिवट पोरगं असेल तर जरूर पाठवा. फक्त त्याला न्यायला स्वतः जाऊ नका. रविवारची दुपार तिथेच होईल.