कूलरशास्त्र, अर्थात आखाजीपूर्व तयारी

कूलर बसवण्याचा विधी मुक्ताईनगरात आखाजीच्या आधीच उरकावा. आखाजीला लेकी माहेरी येतात. सोबत पुण्याचे जावई येतात आणि 44 अंश बघून थर्मामीटर बिघडलंय का, असं विचारतात.

कूलर जिन्याखालून बाहेर काढण्याचा अधिकार फक्त आप्पांचा. इतरांनी दुसरं टोक धरावं आणि बोलणी खावीत.

मग ताट्या तपासाव्यात. बोअरचं पाणी जड, त्यामुळे गवतावर क्षाराचे पांढरे पापुद्रे चढलेले असतात. आप्पा ताट्या भिंतीवर आपटून ‘अजून एक उन्हाळा काढतील’ असा निकाल देतात. तो ऐकून घ्यावा आणि ते बाजारात गेले की नवीन ताट्या लावाव्यात. क्षार धरलेल्या गवतातून हवा नीट जात नाही, पाणीही एकाच कोपऱ्यातून ओघळतं. वरच्या नळीची भोकं टाचणीनं मोकळी करावीत.

आता मुख्य कलम : जावयानं खिडकी लावू नये. कूलर म्हणजे एसी नव्हे. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते. एक लिटर पाणी साधारण 24 लाख ज्यूल नेतं, म्हणजे पाऊण युनिटाला थोडी कमी वीज. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते, की 44 अंशांची हवा चांगल्या ताटीतून 27-28 अंशांवर येऊ शकते. पण ती दमट होऊन येते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत ओल साठते, वाफ व्हायची थांबते आणि घाम वाळत नाही. म्हणून कूलरची पाठ बाहेरच्या हवेला आणि समोरची खिडकी उघडी. पण जावईबापूंना सांगणार कोण? ते तर गारवा ‘वाया जाऊ नये’ म्हणून दारसुद्धा लोटून घेतात.

पंखा नुसता गुणगुणला तर आप्पा काठीनं पातं ढकलतात. काठी बाजूला ठेवावी, प्लग काढून मिस्त्रीकडून कंडेन्सर बदलून घ्यावा.

अर्थिंगच्या बाबतीत मात्र आप्पांचंही ऐकू नये. लोखंडी पत्रा, खाली पाणी आणि उंदरानं कुरतडलेली वायर : कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात. तीन पिनांचाच प्लग, घराला ईएलसीबी, आणि पाणी भरताना प्लग बाहेर. यात गंमत नाही.

आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासावी. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

रात्री पाणी कोण भरणार, हा प्रश्न घरात कोणी काढत नाही. दोनच्या सुमारास बादलीचा आवाज येतो. कोरडा फिरला तर पंप जळतो, असं आप्पा सकाळी सांगतात. त्या खोलीत लेक आणि नातवंडं झोपलेली असतात, हे सांगत नाहीत.

मृग लागून पाऊस आला की पंप बंद करावा, नुसता पंखा चालवावा. दमट हवेत पाणी टाकून अंग चिकट होण्यापलीकडे काही साधत नाही. आप्पांना हे मान्य नाही. त्यांचा पंप श्रावणातही चालू असतो.