कोनशिलेवरची हजेरी

हुतात्मा स्मारकाची कोनशिला हा मराठी गद्याचा एक दुर्लक्षित प्रकार आहे. शुभहस्ते कोण, अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख उपस्थिती कुणाची, विशेष उपस्थिती कुणाची, ठेकेदार कोण. प्रत्येक माणूस पदासकट आणि पदाच्या उतरंडीनुसार ठळक अक्षरांत कोरलेला असतो. एखाद्याचा ‘मा.’ गळला तर रुसवेफुगवे होतात, प्रसंगी दगडच बदलतो. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते मात्र बऱ्याचदा ‘वीर जवानांच्या स्मरणार्थ’ एवढ्या एका अनेकवचनात आटोपलेले असतात. हा कुणाचा हलगर्जीपणा आहे असं मानायचं कारण नाही. यामागे पक्का, जुना आणि सरकारमान्य नियम आहे: दगडावर कुणाचं नाव जाणार हे कोण मेलं यावरून ठरत नाही, त्या नावाचा पुढे कुणाला उपयोग आहे यावरून ठरतं.

या नियमाचा जुना पुरावा आपल्या धरणगावात आहे. 1818 मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, पण सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल काही ताब्यात येईनात. काही वर्षं फौजा पाठवून झाल्या, आणि मग 1825 मध्ये जेम्स औट्रम नावाच्या बाविशीतल्या लेफ्टनंटकडे काम आलं की याच भिल्लांची पलटण उभी करा. तीच खानदेश भिल्ल कोअर. तिचं ठाणं धरणगावला. औट्रम दहाएक वर्षांनी इथून गेला, पुढे सर झाला, जनरल झाला आणि 1863 मध्ये वारल्यावर लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. लंडनमध्ये थेम्सकाठी त्याचा पुतळा आहे, कोलकात्यात घोड्यावर बसलेला आणखी एक आहे, सिंगापुरात रस्ता आहे आणि त्या नावाचं मेट्रो स्थानकही आहे. ज्यांच्या जिवावर हे सुरू झालं, ते शिपाई कचेऱ्या आणि खजिने राखत राहिले, दरोडेखोरांच्या मागावर रानं तुडवत राहिले, आणि शतक संपायच्या आत त्यांची पलटण पोलिसात विरघळून गेली. स्पर्धा परीक्षेत ‘भिल्ल कोअर कुणी उभारली?’ असा प्रश्न येऊ शकतो. ‘तिच्यात कोण होतं?’ हा प्रश्न येत नाही, कारण त्याला चार पर्याय काढायचे कुठून? ही पलटण उभी राहिल्याला 2025 मध्ये 200 वर्षं झाली.

यावर पहिला आक्षेप देशभक्तीचा येणार, आणि तो बिनतोड वाटतो: ते इंग्रजांचे शिपाई, त्यांची आठवण आपण का ठेवायची? उलट त्याच मुलखात इंग्रजांशी लढलेला खाज्या नाईक आहे, त्याला मानावं. जरूर मानावं. पण हा खाज्या नाईक कित्येक वर्षं सेंधव्याच्या घाटात इंग्रजांच्याच वतीने रस्ता राखत होता, तो 1857 मध्ये उलटला. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीला लढाई झाली. पकडलेल्यांपैकी पन्नासाहून अधिक जणांना तिथल्या तिथे लष्करी न्यायाचा देखावा करून गोळ्या घातल्या. आणि हे बंड मोडायला सातपुड्यात शिरलेल्या फौजेत भिल्ल कोअरचेही शिपाई होते. म्हणजे एकाच समाजातले, कदाचित एकाच पाड्यावरचे, काही इकडे आणि काही तिकडे. आक्षेप घेणाऱ्यांनी मग हेही सांगावं की बंडातल्या त्या पन्नासांची नावं त्यांना ठाऊक आहेत का. नाईकाचं नाव उरलं, कारण नाईकाची जयंती करता येते, मिरवणूक काढता येते. बाकीचे दोन्ही बाजूंनी ‘इतर’ ठरले. शिवाय इंग्रजांचा पगार घेतला म्हणून विसरायचं ठरवलं, तर साताऱ्याच्या अपशिंगे गावाच्या नावापुढचं ‘मिलिटरी’ही पुसावं लागेल; कारण पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जण गेले, तेही इंग्रजांच्याच फौजेतून.

दुसरा आक्षेप कारकुनी आहे: नावंच उपलब्ध नाहीत हो. हे म्हणणं इराकमधल्या बसऱ्याच्या वाळवंटात तपासून झालेलं आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात सहावी पुणे डिव्हिजन गेली, तिच्यात 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी होत्या. कूतचा वेढा, 1916 च्या एप्रिलमधली शरणागती आणि त्यानंतरची उपासमारीची कैद हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. पुढे साम्राज्याच्या युद्धसमाधी आयोगाने बसऱ्याला भव्य स्मारक बांधलं. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही कोरली, आणि साध्या हिंदुस्थानी शिपायांचे पलटणवार आकडे टाकले: अमुक रेजिमेंट, इतर हुद्दे, इतके. 2021 मध्ये याच आयोगाने अहवाल काढून माफी मागितली आणि अशा असमान वागणुकीच्या मुळाशी त्या काळचा वर्णद्वेष होता असं मान्य केलं. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत त्याच काळच्या संगमरवरी पाट्या आहेत. गावातून इतके गेले, त्यातले इतके परतले नाहीत, एवढाच हिशेब. पगार वाटणाऱ्या पलटणीत हजेरीपट असतोच. शिपायाला पगार देताना त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव सापडत होतं. ते हरवलं पगार थांबल्यावर.

आता सुधारणा झाली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात 2019 पासून 25,000 हून अधिक नावं एकेका ग्रॅनाइटच्या विटेवर कोरलेली आहेत, आणि शिपाई-अधिकाऱ्यांना विटा सारख्याच. पण तिथला हिशेब स्वातंत्र्यानंतरचा आहे आणि तोही मृतांचा. जिवंत माजी सैनिकाचं नाव तर डिस्चार्ज बुकात, पेन्शनच्या कागदावर, ओळखपत्रावर, सगळीकडे असतं. तरी दरवर्षी त्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो, कारण कागदावर नाव असणं हा जिवंतपणाचा पुरावा नव्हे. अपंगत्वाच्या पेन्शनचं प्रकरण याहून रंजक. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर पुढे आलेलं अपंगत्व नोकरीमुळेच आलं असं धरावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं. त्यानंतरही सरकार अशा जवानांविरुद्ध अपिलात जात राहिलं. मृताचं हे एक बरं असतं. तो हार घालून घेतो आणि थकबाकी मागत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो आम्हाला मान्य आहे: निधी ज्यांनी आणला त्यांचं नाव दगडावर नको का? हवंच. म्हणून शासनाने एक साधा निर्णय काढावा. स्मारकाच्या दगडावर आधी मृतांची नावं, पूर्ण, गावासकट. ती शोधायला अभिलेखागारात माणूस पाठवावा आणि त्याचा भत्ता उद्घाटनाच्या मांडवखर्चातून द्यावा. खाली जागा उरली तर पाहुण्यांची नावं जरूर कोरावीत. ती पुरली नाही, तर बसऱ्याची पद्धत आयती तयार आहे: मंत्री 2, आमदार 3, इतर हुद्दे 41.