विद्यार्थिव्यवहारकोश

आमच्या मुरुडास एक भौगोलिक शाप आहे. परमुलखात गावाचे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खाऱ्या पाण्यातला जंजिरा उभा राहतो. त्यास बाजूला सारावे, तर एखादे व्यासंगी गृहस्थ महर्षी कर्व्यांच्या, म्हणजे दापोलीकडल्या, मुरुडाचे कुशल विचारू लागतात. आणि ज्याने समुद्र केवळ भूगोलाच्या पुस्तकात पाहिला आहे असे तिसरेही एक मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावर नांदते, हे त्यांना पटवून देईपर्यंत आपली एसटी फलाटावरून निघून गेलेली असते. कर्वे लहानपणी परीक्षेसाठी कोकणातून पायी साताऱ्यास गेले आणि वय अपुरे दिसते एवढ्याच कारणावरून परीक्षकांनी त्यांना माघारी धाडले, ही कथा सर्वश्रुत आहे. आमच्या मुरुडच्या पोरांना लातुरात असे कोणी माघारी धाडत नाही. त्यांना आत घेतात, शुल्क जमा करून घेतात, आणि मग त्यांच्याशी अशा भाषेत बोलू लागतात की माघारी जाण्याचा विचार पोरानेच करावा.

धाकट्या बंधूंचा नातू गतवर्षी लातुरास बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षात दाखल झाला. पहिल्या सत्राचा निकाल लागला त्या दिवशी त्याचा फोन आला: "आबा, केमिस्ट्री निघाली, मॅथ्स राहिलं, केटी लागली. बाकी टेन्शन नाही. मेसवाला खाडे धरंना, म्हणून कॉट बदलायलो." या निवेदनातील 'आबा' एवढ्या एकाच शब्दाचा मला निःसंशय बोध झाला. आमच्या कुटुंबाने मात्र 'लागली' हे क्रियापद ऐकले, आणि ज्याअर्थी नोकरी लागते, लॉटरी लागते आणि हळदही लागते, त्याअर्थी हेही काही मंगलच असणार असे ठरवून देवापुढे साखर ठेवली व शेजारी वाटली. पुढे अर्थ कळल्यावर ती साखर परत मागण्याचे धैर्य मला झाले नाही.

शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला, तेव्हा पेशव्याचा प्रधान, मुजुमदाराचा अमात्य आणि डबिराचा सुमंत झाला. विद्यापीठाने प्रवेशपत्रिकेबरोबर असाच एक विद्यार्थिव्यवहारकोश वाटावा अशी माझी नम्र सूचना असून, रघुनाथपंडितांनी आखलेले वर्ग या कामी जसेच्या तसे उपयोगी पडतील अशी माझी खात्री झाली आहे.

दुर्गवर्गात प्रथम 'कॉट' यावी. पूर्वी विद्यार्थी खोली भाड्याने घेई. आता तो खाट भाड्याने घेतो आणि या वहिवाटीस 'कॉट बेसिस' म्हणतात. उशाची भिंत ही सामाईक जमीन मानली जात असल्याने तीवर खिळा ठोकायचा झाल्यास उर्वरित कॉटधारकांची संमती लागते. भोग्यवर्गात 'खाडा' हा पारिभाषिक शब्द अग्रस्थानी शोभेल. मेसमध्ये न जेवलेल्या वेळेस खाडा म्हणतात. तो वहीत टिपला जातो, महिनाअखेर त्यावरून खडाजंगी होते आणि दोन्ही पक्ष हिशेबास पक्के असतात. महाविद्यालयात न बसलेल्या तासांचा हिशेब इतक्या निष्ठेने ठेवलेला मी पाहिला नाही. तेथे मित्र 'प्रॉक्सी' लावतो आणि देह मुरुडास असता आत्मा लातुरात हजर होतो. लेखनवर्गात 'आयएमपी', म्हणजे शंभर पानांतून निवडलेली दहा पाने, 'झेरॉक्स', म्हणजे त्या दहांच्या चाळीस प्रती, आणि 'सबमिशन', ज्या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ शरणागती असा आहे आणि जर्नलवर सही मिळवताना जो आजही लागू पडतो, एवढ्यांचा समावेश व्हावा. चतुरंगवर्ग, म्हणजे सैन्य, हा लातूर पॅटर्नच्या नगरीत अर्थातच 'रिपीटरां'साठी राखून ठेवावा. आमच्या काळी त्याच इयत्तेत पुन्हा बसणाऱ्यास एकाक्षरी 'ढ' म्हणत आणि तो चेहरा लपवून फिरे. आज नीट परीक्षेचा रिपीटर हा सन्मान्य सैनिक असून त्याची स्वतंत्र 'बॅच' असते व तिच्या जाहिराती चौकाचौकांत झळकतात.

कार्यस्थानवर्ग मात्र सरकारानेच लिहून ठेवला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने विषयांस जी नामे दिली आहेत, ती ओई, एईसी, व्हीईसी, सीसी अशी असून, त्यांचा उच्चार करताना मूल अक्षरओळख गिरवीत आहे असा भास होतो. आणि त्याचे श्रेयांक ज्या पेढीत जमा व्हायचे, तिच्या आद्याक्षरांचा तर 'एबीसी' असाच योग जुळून आला आहे. या मालिकेत भारतीय ज्ञानप्रणाली हाही विषय आहे. तिला सर्वत्र 'आयकेएस' म्हणतात. खुद्द विद्यापीठाची कथा वेगळी नाही. मुक्तिदिनाचे औचित्य साधून १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडास ते स्थापन झाले आणि ज्या संन्याशाने निजामी सत्तेविरुद्ध झुंज दिली, त्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव त्यास मिळाले. स्वामीजींनी संन्यास घेताना व्यंकटेश खेडगीकर हे पूर्वाश्रमीचे नाव सोडले होते. दुसरे नाव विद्यार्थ्यांनी सोडविले, कारण आज सारे त्यास 'स्वारातीम' म्हणतात. ऐकणाऱ्यास ते एखादे औषध वाटावे.

यावर शुद्धिप्रेमी मंडळी संतापतील. त्यांना मी घरचा दाखला देतो. आमचे तीर्थरूप निजामी अमलात तहतानिया, वस्तानिया या पायऱ्या चढत फौकानियापर्यंत पोचले. वर्गाला ते जमात म्हणत, आणि पुढे शिकायचे तर १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात हैदराबादेस जाऊन रसायन व गणित उर्दूतून आत्मसात करणे प्राप्त होते. म्हणजे मराठवाड्याच्या पोराला विषयापूर्वी दरवाज्याची भाषा शिकावी लागणे, ही नवी आपत्ती नसून वडिलोपार्जित मिळकत आहे. 'नापास' हाच शब्द घ्या: 'ना' फारशीचा, 'पास' इंग्रजीचा. मराठी पोरास खाली पाडण्याकरिता दोन साम्राज्यांना हातमिळवणी करावी लागली.

पण कोशासाठी शब्द जमवीत असता एक गोष्ट ध्यानात आली. नातवाच्या त्या फोनमधील नामे तेवढी परकी होती. क्रियापदे सगळी आपली होती. निघणे, राहणे, लागणे, धरणे: यांतले एकही कोणत्या विद्यापीठाने दिलेले नाही. जमिनीचा सारा सरकारात जमा व्हावा पण नांगर कुळाच्याच हाती राहावा, तशी नामे अंमलदारांबरोबर बदलत गेली आणि क्रियापदे रयतेच्या कब्जात राहिली. आणि त्या कब्जेदारांनी केवढी करामत केली आहे! उत्तीर्ण झालेला विषय 'निघतो', जणू पायात रुतलेला काटा. अनुत्तीर्ण झालेला 'राहतो', जणू पाहुणा. दोन्ही वाक्यांत कर्ता विषय आहे, विद्यार्थी नाही. पुढील वर्षात बसण्याची परवानगी, जी इंग्रजीत एटीकेटी या चार अक्षरांची एक शुष्क सवलत होती, ती पोरांनी अर्धी तोडून सनदेसारखी जवळ केली. एका व्याकरणाने सारी पिढी निर्दोष सुटली.

परवा येळवशीच्या सणाला तो गावी आला. शेतात कडब्याच्या कोपीपुढे भज्जी, उंडे आणि आंबील अशी पंगत बसली असता मी त्याला कोशाचा मसुदा वाचून दाखवला. तो ऐकून त्याने आंबिलीचा घोट घेतला व विचारले, "आबा, तुमचं मॅथ्स निघालं होतं का?"

मॅट्रिकला गणितात मी दोनदा गडगडलो, ही गोष्ट या घरात पन्नास वर्षे कोणी उच्चारलेली नव्हती. साऱ्या पंगतीचे हात थांबले. मी फारशी-इंग्रजीतला तो संयुक्त शब्द ओठांशी आणला, पुन्हा गिळला, आणि म्हणालो, "राहिलं होतं."

"मग काय," तो म्हणाला आणि त्याने माझ्या ताटात भज्जी वाढली.

घरी येऊन मी मसुद्यातील 'राहणे' या नोंदीपुढील थट्टा खोडून टाकली. कोश छापण्याचा विचार तूर्त राहिला आहे.