कच्च्या बिलाच्या शेठना खुले पत्र

शेठ,

सोफ्याचे पैसे देताना तुम्ही मला विचारलंत, "पक्कं बिल हवंय? मग जीएसटी वर पडेल." मी हो म्हटलं आणि तुमचा चेहरा उतरला. आधीच्या गिऱ्हाइकाला तुम्ही वहीच्या फाटक्या कागदावर पेन्सिलीनं केलेली बेरीज देऊन वाटेला लावलं होतंत. मग चहा मागवून मोकळेपणानं सांगितलंत, "आमचा सीए सगळं बारा लाखांच्या आत बसवतो." तुमच्या तीस लाखांच्या गाडीची किल्ली तेव्हा टेबलावरच होती.

बाराच लाख का, ते सांगतो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या कमाईवर प्राप्तिकर शून्य झाला. ही सवलत बेताच्या मिळकतीच्या माणसासाठी आहे आणि तुम्ही तिच्यात घुसून बसला आहात.

माझ्या बहिणीला वर्षाला १८ लाख पगार आहे. ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरूनही सेससह तिला १,५०,८०० रुपये कर बसतो, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. तो टीडीएसमधून आधीच कापला जातो. तिच्या पगाराला कच्ची पावती नसते. तुमची कमाई तिच्याहून जास्त आणि कर शून्य. याला तुम्ही धंद्याची हुशारी म्हणता. मी चोरी म्हणतो.

२०१८ च्या अर्थसंकल्पी भाषणात अरुण जेटलींनी २०१६-१७ या कर निर्धारण वर्षाचे आकडे दिले होते. १.८९ कोटी पगारदारांनी सरासरी ७६,३०६ रुपये प्राप्तिकर भरला आणि १.८८ कोटी व्यावसायिकांनी सरासरी २५,७५३. या व्यावसायिकांत हातावर पोट असलेले लहान दुकानदार बरेच असणार, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याआधीच्या वर्षीच्या भाषणातला आकडाही पाहा. पाच लाखांवर उत्पन्न दाखवणाऱ्या ७६ लाख लोकांपैकी ५६ लाख पगारदार होते! धंदा करून पाच लाखांवर कमावणारे देशभरात उरलेले वीसच लाख, यावर कोण विश्वास ठेवील?

रस्त्यावर खड्डे आहेत, मग कर कशाला भरायचा, असंही तुम्ही म्हणालात. तुमचा टेम्पो त्याच रस्त्यावरून जातो आणि त्याचे पैसे माझी बहीण भरते. खड्ड्यांचा जाब विचारायला मीही तुमच्याबरोबर महापालिकेत येईन, पण कर भरलेल्या माणसाबरोबर.

तुमच्या समोरचा दुकानदार प्रत्येक सोफ्याचं पक्कं बिल देतो, म्हणून गिऱ्हाइकाला तो महाग वाटतो. त्याचा धंदा तुम्ही खाताय, हे मला सर्वांत जास्त लागतं.

शेठ, उद्यापासून न मागता बिल द्या आणि यंदाच्या विवरणपत्रात खरी कमाई लिहा. वाचकहो, दोन पैसे वाचतात म्हणून तो पेन्सिलीचा कागद घेऊ नका.

आपला,
पक्कं बिल मागणारा एक गिऱ्हाईक