माय दाखवा, मग पैसे मागा

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लालकंधारी वळू बघायला आलेला शेतकरी नुसत्या रंगावर भाळत नाही. चाल बघतो, खूर बघतो आणि विचारतो, याची माय दूध किती द्यायची? देवणी जनावर घेतानाही हेच. त्याच घरातला शिकलेला पोरगा नांदेडात किंवा लातुरात मोबाईलवर फोटो बघून ‘टीकप’ पॉमेरेनियन बुक करतो, तेव्हा मायबद्दल एक शब्द विचारत नाही.

टीकप नावाची जात कुठल्याही मान्यताप्राप्त केनेल क्लबच्या यादीत नाही. चिहुआहुआ हा कुत्रा मुळातच इवलासा. पुरत्या वाढीचं त्याचं वजन दीड ते तीन किलो. त्याहूनही लहान हवा म्हटलं, की अशक्त नराला अशक्त मादी लावली जाते, पिल्लू अर्धपोटी ठेवलं जातं, नाहीतर महिन्याचं पिल्लू दोन महिन्यांचं सांगून खपवलं जातं. असं पिल्लू एखाद-दोन वेळा जेवलं नाही की रक्तातली साखर उतरते, ते थरथरतं आणि कोसळतं. काहींची टाळू भरतच नाही. गुडघ्याची वाटी सरकते. मायचे हाल तर कुणी बघतच नाही. तिचं कंबरडं अरुंद, पिलाचं डोकं मोठं. पोट फाडल्याशिवाय सुटका नाही.

पगचं दुखणं वेगळं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. ज्याचं नाक पिढ्यान्‌पिढ्या चपटं करत आणलं, त्याने मे महिन्यात नांदेडला श्वास घ्यायचा कुठून? नेदरलँड्सने २०१९ मध्ये नियम कडक केले: नाकाड कवटीच्या एक तृतीयांशाहून आखूड असेल, तर त्या कुत्र्याची पैदास करायची नाही.

आणि आपल्याच लातूर जिल्ह्यात, चाकूरजवळच्या जानवळला, कारवान आणि पश्मी जातीची कुत्री सांभाळणारी माणसं आहेत. त्यांच्या कुत्र्याची पारख धावण्यावर, छातीवर होते. ही नजर आपल्याकडे आहेच, ती शहरातल्या फ्लॅटमध्ये का पोचत नाही?

कायदाही आहे. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी दीड वर्षाची होईपर्यंत लावायची नाही, आठ वर्षांनंतरही नाही. वर्षाला एकच वेत, जन्मात फार तर पाच. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. घेणाऱ्याने नोंदणीचा कागद मागावा, मायला चालताना बघावं, पिल्लू पशुवैद्याला दाखवून मगच पैसे द्यावेत. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथवर जायला काय हरकत?

पण सगळा भार गिऱ्हाईकावर टाकून चालणार नाही. जिल्हाधिकारी ज्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीचे अध्यक्ष असतात, तिने नांदेड आणि लातूरमधल्या पिल्लं विकणाऱ्या दुकानांत जाऊन नोंदणी तपासावी, आणि हे काम या उन्हाळ्याआधी व्हावं.